उलटा हेडफोन

प्रल्हाद, आधी मला तुझ्याशी भांडायचंय. बाकीचं नंतर बघू.

तुझ्या दुकानातली हेडफोनची पेटी आता माझ्या घरी आहे. वनितावहिनींनीच दिली. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यातलं मला काय कळत न्हाई, तुमीच बघा." काल दुपारी ती उघडली आणि माझं डोकंच फिरलं. एकाही हेडफोनवर डावं कोणतं, उजवं कोणतं याची खूण शिल्लक नाही. एल नाही, आर नाही. सगळी अक्षरं तू काचकागदाने घासून टाकलेली. पाठीला जाळी असलेला तो परदेशी हेडफोन, ज्याला हात लावायच्या आधी मी हात धुवायचो, त्याचीसुद्धा तू गय केली नाहीस. कारण विचारलं होतं तेव्हा म्हणाला होतास, "अक्षरं वाचून कोण ऐकतं रे?" अरे, पण आपण मेल्यावर मागच्या माणसाने काय करावं, याचा काही विचार? हे वाक्य लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आलो. आता पुढचं लिहितो.

तू कधी जन्मलास, कुठे शिकलास, किती कार्यक्रम केलेस, ते पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तुला आदरांजली वाहताना, माइकवर सगळ्यांनी सांगून झालं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. एका पाहुण्याने तर तुला तबलावादक करून टाकलं. तू असतास तर तिथेच उठून म्हणाला असतास, "ढोलकी म्हणा हो, तबल्याला हात लावला न्हाई कधी." मी उठणार होतो, पण शेजारच्याने सदरा ओढून खाली बसवलं. त्यांचा माइकही शिट्टी मारत होता. मला सारखं वाटत होतं, आता तू येशील आणि तो भोंगा जरा बाजूला फिरवशील.

आपली ओळखच हेडफोनवरून झाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं आणि मी कळमनुरीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. दिवसभर डोक्यावर एक पट्टी, एका कानावर वाटी, तोंडापुढे माइक. "हॅलो परभणी, हॅलो नांदेड" करता करता त्याची वायर तुटली. नवा यायला वेळ होता. कोणीतरी सांगितलं, वारंगा फाट्यावर ट्रकवाल्यांचे टेप दुरुस्त करणारा एकजण आहे, कॅसेटही भरून देतो, त्याला दाखवा. तू वायर जोडलीस, मग तो हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवलास आणि मला विचारलंस,

"ह्याला एकच कान हाय. दुसऱ्या कानानं तुमी काय करता?"

"साहेबाच्या शिव्या ऐकतो," मी म्हणालो.

तू एवढ्याने हसलास की बाहेर उभ्या ट्रकचा क्लीनर आत डोकावून गेला. मग मला बसवलंस, चहा सांगितलास आणि माझ्या डोक्यावर वॉकमनचा हेडफोन घातलास, पातळ पत्र्याच्या पट्टीचा, काळे स्पंज लावलेला. तोवर मी दोन्ही कानांनी गाणं असं कधी ऐकलंच नव्हतं. सरकारी वाटीतून माणसाचं बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं. शब्द कळतात, माणूस कळत नाही. आणि इथे पेटी एकीकडे, ढोलकी दुसरीकडे, मध्ये गाणारा माणूस श्वास घेतोय तो मला ऐकू येतोय.

"पेटीवाला कुठं बसलाय?" तू विचारलंस.

"कोण?"

"डोळे मिटा. बोटानं दाखवा."

मी डोळे मिटून उजव्या कानापाशी बोट नेलं आणि तू काउंटरवर थाप मारलीस. चहा संपेपर्यंत आपण अरे-तुरेवर आलो होतो आणि तू माझं नाव 'एककान्या' ठेवून मोकळा झाला होतास. लोकांसमोर मात्र 'उत्तमराव' म्हणायचास, तेवढी मेहेरबानी.

त्या बोट दाखवण्याला तू 'बैठक' म्हणायचास. आवाज चांगला की वाईट, खोल की पातळ, हा एक भाग. आणि कोण कुठे बसलंय, किती लांब बसलंय, दोघांच्या मधे जागा आहे की एकमेकांच्या मांडीवर बसलेत, ही बैठक. पुढे माझी बदली हिंगोलीला झाली, तरी दर बाजाराच्या दिवशी मी फाट्यावर उतरायचोच. पेटीत नवा हेडफोन आला की आपली परीक्षा सुरू. एकच कॅसेट, एकच गाणं, आधी मी, मग तू.

त्या परीक्षांमधून आपलं कोणत्या हेडफोनवर एकमत झालं? एकाही नाही. नाही म्हणायला एका बाबतीत झालं, ते पुढे सांगतो.

स्पंजवाला तुला आवडायचा. हलका, मोकळा, घातलाय हे कळायचंही नाही. मी म्हणायचो, यात ढोलकी आहे कुठे? धूम यायच्या ठिकाणी नुसतं टप. तू म्हणायचास, "धूम मला ठाऊक हाय. टप कसा पडला ते ऐकू दे." मग त्या मोठ्या काळ्या वाट्यांचा हेडफोन आला, रेक्झीनच्या गाद्यांचा, पिळाच्या वायरीचा. एका ट्रकमालकाने टेपच्या दुरुस्तीत तुझ्याकडेच ठेवून टाकला होता. त्यात ढोलकीची धूम अशी यायची की छातीत कळायची. पहिल्या दिवशी मी तो काढायलाच तयार नव्हतो. पण बैठक? सगळी पार्टी एका कोठीत कोंडून वरून दार लावल्यासारखी. गाणारी, बेंजोवाला, कोरसवाले, सगळे माझ्या दोन कानांच्या मधे दाटीवाटीने. उन्हाळ्यात तर कान घामाने चिकटायचे आणि तू म्हणायचास, "उत्तम, काढ, शिजशील." ती धूम मला हवीच होती, पण दाटीही सोसवत नव्हती. तुला मात्र दोन्हींचं काही पडलेलं नव्हतं.

जाळीवाला आला तो कोणाच्यातरी सौदीहून आलेल्या भाच्याबरोबर. एक बाजू बंद पडली म्हणून दुरुस्तीला आला आणि ते लोक पुन्हा न्यायलाच आले नाहीत. तुला आठवतं, पहिल्यांदा घातला तेव्हा मी मान वळवून मागे बघितलं होतं? वाट्यांना पाठीमागून नुसती जाळी, त्यामुळे आवाज कोंडतच नाही, डोक्याबाहेर जातो. बेंजो हाताने घेता येईल इतक्या अंतरावर. दोघांच्या मधे खरी जागा. मी म्हणालो, प्रल्हाद, हाच. आता दुसरा बघायचा नाही. तू तो घातलास, ऐकलंस आणि म्हणालास, "चांगला हाय. पण बाहेरच्या माणसाला बी सगळं ऐकू येतं. चोरून ऐकायची सोय न्हाई." माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या शोधावर तुझं मत एवढंच. मी त्या दिवशी चहाही न घेता उठलो होतो.

एकमत झालं ते मोबाइलबरोबर आलेल्या त्या बोंडांवर, कानात खुपसायच्या. सगळी पार्टी टाळूखाली एका ओळीत उभी आणि वर नुसती घुमघुम. दोघांनीही घातली, दोघांनीही काढली, आणि एकमेकांकडे बघून एकदम म्हणालो, "छे." तेवढं एक 'छे' सोडलं तर आपण कायम भांडत होतो.

आणि या सगळ्यात तुझा तो उलटा हेडफोन. स्पंजवाला असो, वाटीवाला असो, जाळीवाला असो, तू घालताना डावी वाटी उजव्या कानावर आणि उजवी डाव्यावर. पहिल्यांदा वाटलं चुकून. दुसऱ्यांदा मी सरळ करून दिला. तिसऱ्यांदा तू माझ्या हातावर मारलंस. मग तू अक्षरं घासायला लागलास. मी विचारून विचारून थकलो. "काहून उलटा घालतो रे?" तर तू म्हणायचास, "तुझी जागा तुला, माझी जागा मला." असल्या उत्तरावर माणसाने काय करायचं?

काउंटरवर मांडायच्या वस्तू आठवतात ना? मी तुला खोटं पाडायला काढलेली युक्ती होती ती. ऐकून झालं की बैठक काउंटरवर मांडायची. ढोलकी म्हणजे नटबोल्ट. बेंजो म्हणजे कॅसेटमधली पांढरी गरारी, ते दातेरी चाक. गाणारी म्हणजे रेडिओच्या काट्यामागे लागतो तो बारका बल्ब. मी गिऱ्हाइकाच्या बाजूला स्टुलावर, तू काउंटरच्या पलीकडे, समोरासमोर. मी सरळ हेडफोनने ऐकायचो आणि मांडायचो. बल्ब मधोमध, माझ्यापासून लांब. नटबोल्ट माझ्या डावीकडे. गरारी उजवीकडे. मग तू उलटा हेडफोन घालायचास, डोळे मिटून ऐकायचास, डोळे उघडून मांडणीकडे बघायचास आणि एका वस्तूला बोट लावायचा नाहीस.

"बराबर हाय," म्हणायचास.

"बराबर कसं असेल? तू उलटा घातलाय ना? मग नटबोल्ट तिकडं जायला पाहिजे."

"जागच्या जागी हाय."

"मग उलटा काहून घातला?"

"बराबर ऐकू यावं म्हणून."

आणि तो बल्ब तेवढा आणखी थोडा तुझ्या बाजूला, स्वतःच्या छातीशी ओढून घ्यायचास. मला वाटायचं, घरंगळून खाली पडून फुटेल म्हणून घेतोस. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं.

आपल्या परीक्षेची ती कॅसेट मात्र मी भरली. याचा मला अजून अभिमान आहे आणि तो मी सोडणार नाही. गायन पार्टीत तू ढोलकीला, वहिनी गायला, त्यामुळे टेपवर बसायला माणूसच नव्हता. वस्तीतल्या विहारात भर दुपारी सगळ्यांना बसवलं, खिडक्यांना सतरंज्या लावल्या, दोन माइक उभे केले. मी समोर, श्रोत्याच्या जागी, डोक्यावर हेडफोन. वहिनी मधे. तू त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे माझ्या डावीकडे. बेंजो पलीकडे. टेपवरचे आवाजाचे काटे लाल रेघेवर जाऊ नयेत म्हणून मी गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही. वहिनींचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की मला कामाचा विसर पडेल म्हणून मी काट्यांवरची नजर काढत नव्हतो.

तर त्या कॅसेटमध्ये दुसऱ्या अंतऱ्यानंतर तुझी लय पळते. आणि पळता पळता एकदम आवरते. मी लगेच म्हणालो, पुन्हा घेऊ. तू म्हणालास, राहू दे. मी म्हणालो, अरे, तिथं तू लय सोडलीस, सरळ कळतंय. तू म्हणालास, "सोडली न्हाई. धरली." हे भांडण आपण जयंतीच्या कार्यक्रमांच्या प्रवासात, कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर, औंढ्याच्या बसस्टँडवर, कुठे कुठे केलं असेल. दर वेळी मी 'सोडली' म्हणायचो आणि तू 'धरली' म्हणून गप्प बसायचास. वहिनी शेजारीच असायच्या. त्या हसायच्या आणि ताटातली भाकरी मोडायच्या.

मग वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्या बोलायला लागल्या, पण गाणं गेलं. पार्टी मोडली. तू ढोलकी खोळीत घालून माळ्यावर टाकलीस आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. मी विषय काढला की तू म्हणायचास, "लोडशेडिंग किती वाजता हाय आज?" मी चिडायचो. आपण आवाजावर तासन् तास बोलणारी माणसं, आणि ज्या आवाजाबद्दल बोलायचं होतं त्याच्याबद्दल तू तोंड मिटून बसलास. तेवढी मैत्री नव्हती का आपली?

त्यानंतर जेव्हा जेव्हा दुकानात आलो, तू तीच कॅसेट ऐकत बसलेला. उलटा हेडफोन, मिटलेले डोळे. समोर ट्रकवाला टेप घेऊन उभा आहे आणि तुला पत्ता नाही. मी चेष्टा करायचो, "स्वतःचीच ढोलकी किती ऐकशील रे? कोणी दुसरं वाजवत नाही का जगात?" तू डोळे न उघडता हात हलवून मला बस म्हणायचास.

आणि शेवटचं भांडण. हिंगोलीत आता कॅसेटची सीडी करून देतात, फिता सडायच्या आत करून घेऊ, हे मीच सुचवलं. तू हो म्हणालास. मला बरं वाटलं. आणि मग म्हणालास,

"सीडीत डावं-उजवं बदलून घे."

"काय?"

"बदलून घे. मंजी पोरीनं, आमच्या मित्रानं, उद्या अक्षरं पाहून सरळ घातला तरी बराबर ऐकू येईल."

मी अक्षरशः उभा राहिलो. माझ्या हाताने भरलेली कॅसेट, आणि ती आता उलटी करून जगापुढे ठेवायची? मी म्हणालो, "प्रल्हाद, हे रेकॉर्डिंग मी केलंय. श्रोता समोर बसतो. जगात सगळीकडे श्रोता समोर बसतो. तुझ्या एकट्याच्या खोडीसाठी मी ते उलटं करणार नाही."

"रेकॉर्डिंग तू केलं," तू म्हणालास. "पण गाणं कोणी म्हणलं?"

"त्याचा इथं काय संबंध?"

तेवढ्यात माझी बस आली. तू काउंटरवरून वाकून म्हणालास, "जा आता. पुढल्या बाजारी ये, सांगतो सगळं."

पुढल्या बाजारी मी आलो. तुझ्या दुकानाचं शटर बंद होतं आणि शेजारच्या टायरवाल्याने मला खांद्याला धरून बाकावर बसवलं. मला सांग, काय सांगणार होतास? इतकी वर्षं जे सांगितलं नाहीस, ते सांगायचं ठरवलंस आणि आठवडाभर दम निघाला नाही तुझा? वाजवताना पळायचास तसाच पळालास. छातीत दुखत होतं तर दुकान बंद करून दवाखान्यात जायचं सोडून ट्रकचा टेप जोडत बसलास, हे मला वहिनींकडून कळलं. कोणाचा तो टेप? कुठे पोहोचायचा होता तो ट्रक? मला त्या ट्रकवाल्याचाही राग येतो आणि त्याचा यात काही दोष नाही हेही कळतं.

तर आज. आज मी पेटी, डेक आणि कॅसेट घेऊन तुझ्या घरी गेलो होतो. तुझी मित्रा डी.एड. कॉलेजातून घरी आलेली आहे, परवा जाईल. पुण्यानुमोदनाला कॅसेट भोंग्यावर लावली होती, तेव्हापासून ती माझ्या मागे लागली होती. "काका, भोंग्यात नको. मला नीट ऐकायचंय." दुपारी लाइट होती. मी डेक जोडला. जाळीवाला काढला. बॅलन्सचं बटण एका टोकाला फिरवून कोणत्या वाटीत आवाज येतो ते बघितलं, डावी-उजवी ओळखली, आणि डाव्या वाटीला दोरा बांधला. तुझ्या नावाने पुटपुटत बांधला. मग पोरीच्या डोक्यावर सरळ, अगदी नियमाप्रमाणे घातला.

ती ऐकत राहिली. जरा वेळाने कपाळाला आठ्या.

"काका, बाबा कुठं बसलेत?"

"डावीकडं. डाव्या कानात ढोलकी येतेय ना? तिथं."

"न्हाई," ती म्हणाली. "बाबा मला म्हणायचे, उजव्या कानात बघ, तिथं मी हाय. लहानपणी मला घालून द्यायचे ना. उजव्या कानात असायचे."

"ते उलटा घालून द्यायचे तुला."

"काहून?"

"मला काय माहीत? विचार तुझ्या बापाला!"

प्रल्हाद, माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. पोरगी माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. तिला बाप हवा होता रे, दुसरं काही नको होतं. डावीकडे की उजवीकडे, एवढंच तिला पक्कं कळायला हवं होतं, आणि जगात ते सांगू शकणारा एक माणूस, तो काहीतरी कोड्यात बोलून निघून गेलेला. मला तुझाच राग आला.

वहिनी दाराशी गहू निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून त्या त्यांच्या त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या,

"माझ्यामुळं उलटा घालायचे ते."

आम्ही दोघंही वळलो.

"कार्यक्रम झाला की आमचं भांडण व्हायचं, भाऊजी. मी म्हणायची, तुमच्या ढोलकीखाली माझे शब्द दबून राहिलेत. ते म्हणायचे, न्हाई, लोकायला बराबर ऐकू येतं. एकदा मी लई चिडली. म्हणलं, लोकायचं सोडा. माझ्या जाग्यावर बसून बघा एकदा, मंजी कळंल." त्यांनी पाण्याचा घोट घेतला, बोलताना गळ्याला तकलीफ होते त्यांच्या. "तवापासून बसायले लागले माझ्या जाग्यावर. आन् खरंच हळू वाजवायले लागले. मला वाटलं तुमाला ठाऊक असंल."

मला ठाऊक! मी तिथेच जमिनीवर बसलो. मनातल्या मनात तुझं काउंटर मांडलं. मी अलीकडे, तू पलीकडे. माझ्या डावीकडचा नटबोल्ट तुझ्या उजव्या हाताला. बल्ब माझ्या समोर, आणि तुझ्या छातीशी. एकही वस्तू हलवायची गरज नव्हती, कारण मांडणी एकच होती. मी श्रोत्याच्या स्टुलावर बसून बघत होतो आणि तू हेडफोन उलटा करून वहिनींच्या जागेवर बसून. बराबर हाय, म्हणायचास. बराबरच होतं. तू हसत असशील आता. हस.

मग मी उठलो. मित्राच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, दोऱ्याची वाटी उजव्या बाजूला केली आणि वहिनींच्या डोक्यावर घातला. त्या नको नको म्हणत होत्या. आधी कधी त्यांनी तो घातलाच नव्हता म्हणे, तू कधी घालूनही दिला नव्हतास, का ते तुलाच माहीत. गाणं गेलेल्या बाईला तिचाच आवाज ऐकवायचा धीर तुला झाला नसेल. मला झाला, असं नाही. पण पोरगी समोर उभी होती.

मी कॅसेट सुरू केली. जाळीवाल्याचा आवाज बाहेर येतो ना, चोरून ऐकायची सोय नाही, त्यामुळे मला आणि मित्राला बारीक का होईना, सगळं ऐकू येत होतं. वहिनींनी डोळे मिटले. पहिला अंतरा गेला. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मित्राने माझा हात धरला होता. दुसरा अंतरा सुरू झाला, संपत आला, आणि तुझी ढोलकी पळायला लागली, नेहमीसारखी, मला पाठ आहे ती जागा.

वहिनींचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. डोळे मिटलेलेच. त्यांनी मान जराशी उजवीकडे वळवली आणि तळवा खाली करून हवेतच हळूच दाबला. "हळू," त्या म्हणाल्या.

आणि कॅसेटमध्ये तुझी लय आवरली.

मित्रा आईच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. वहिनींचा हात तसाच खाली आला आणि तिच्या डोक्यावर राहिला.

त्या दुपारी विहारात मी काट्यांकडे बघत बसलो होतो, म्हणून तो हात मला दिसला नाही. तुला दिसला. सीडी मी तू म्हणालास तशी करून आणीन, डावं-उजवं बदलून, मित्रासाठी. श्रोत्याची जागा समोरच असते, हे माझं म्हणणं मात्र अजून तेच आहे आणि त्यावर तू आता काही बोलू शकत नाहीस. पण सोडली नव्हतीस तू, धरली होतीस. वहिनींच्या हातावर धरली होतीस. एवढं एक वाक्य पुरतं बोलायला तुला काय झालं होतं रे, लेका?